शेवटच्या दहा पावलांचा इतिहास

वाहनांचा इतिहास सांगणारे ग्रंथकार बहुधा वेगाचाच इतिहास सांगतात. बैलामागून घोडा, घोड्यामागून वाफेचे इंजिन, आणि इंजिनामागून मोटार, अशी ती चढती परंपरा असते. परंतु ज्याला प्रत्यक्ष ओझे वाहून न्यावयाचे असते, त्याच्यापुढे आणखी एक निराळाच प्रश्न नित्य उभा राहतो. दहा कोसांची मजल मारून गाडी सुखरूप येते, आणि मुक्कामाच्या दारात, शेवटच्या दहा पावलांत, अडून बसते. तिला मागे घ्यावयाची, तिरकी वळवून भिंतीशी लावावयाची, आणि पुन्हा जागची हलणार नाही अशा बेताने उभी करावयाची, हे काम मजल मारण्याच्या कामाहून भिन्न जातीचे आहे. गाडी ओढणारे बळ निराळे आणि गाडी लावणारे बळ निराळे, ही गोष्ट गाडीवानांना पूर्वापार ठाऊक होती. अलीकडे चाकांवरच्या घरांसाठी, म्हणजे ज्यांना कॅरव्हॅन म्हणतात अशा जोडगाड्यांसाठी, जी छोटी विजेची यंत्रे निघाली आहेत, त्यांची निवड कशी करावी हे समजून घेण्यास हा जुना अनुभवच उपयोगी पडण्यासारखा आहे.

या इतिहासाचे सर्व टप्पे एका ठिकाणी पाहावयाचे असतील तर शहादा तालुक्याकडे पाहावे. पूर्वीच्या पश्चिम खानदेशातील आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात समाविष्ट झालेले हे गाव गोमाई नदीच्या काठी, तापीच्या उत्तरेस, सातपुड्याकडे सरकत गेलेल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसले आहे. इसवी सन १९०० च्या सुमारास सुरतेपासून अमळनेरपर्यंत तापीच्या खोऱ्यातून लोहमार्ग झाला. पण तो नदीच्या दक्षिणेकडून, नंदुरबार व दोंडाईचा यांच्या वाटेने गेला. शहाद्यास आगगाडी आली नाही. साहजिकच येथील कापूस आणि धान्य स्टेशनावर पोचवावयाचे तर बैलगाडीवाचून गत्यंतर नव्हते, आणि बैलगाडीला तापी ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. काळी जमीन, नदीची वाळू, काठाचा चढ आणि स्टेशनाच्या आवारातील दगडी फरसबंदी, अशा चार तऱ्हांच्या भूमीशी एकाच खेपेत गाठ पडत असे.

भूमीचा हा फरक किती मोठा असतो, हे थोड्या हिशेबाने ध्यानात येईल. चांगल्या, कठीण व सपाट रस्त्यावर हवेच्या टायरची गाडी चालती ठेवण्यास तिच्या वजनाच्या शेकडा एक ते दोन इतकाच जोर लागतो. मऊ मातीत तोच जोर शेकडा दहापर्यंत जातो, आणि खोल वाळूत वीस-पंचवीसपर्यंत चढतो. दहा हातांत एक हात असा चढ असेल तर वजनाचा आणखी दहावा हिस्सा अधिक धरावा लागतो. याउलट चारशे किलो वजनाचा बैल दिवसभर सातत्याने जो जोर लावू शकतो, तो त्याच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे चाळीस किलोंच्या आसपास असतो. क्षणभर तो याच्या कितीतरी पट जोर लावील; परंतु क्षणभरच. ज्या जोडीने पक्क्या वाटेवर गाडी हसतखेळत आणली, तीच वाळूत का बसते, आणि तेथे दुसरी जोडी का जुंपावी लागते, याचे कारण या आकड्यांत आहे. शिवाय थांबलेली गाडी हलविण्यास चालत्या गाडीपेक्षा अधिक जोर लागतो. आणि गाडी लावण्याच्या कामात तर हलविणे, थांबविणे आणि पुन्हा हलविणे याखेरीज दुसरे काही नसते.

त्यातही मागे घेणे हे सर्वांत कठीण. टांग्याच्या घोड्याच्या मांड्यांमागून एक चामडी पट्टा गेलेला असतो. घोडा मागे रेलला की पट्ट्याच्या योगाने गाडी मागे सरकते. बैलाच्या जुवाला अशी काही सोय नाही. बैलाने गाडी मागे लोटावयाची म्हणजे मानेने आणि शिंगांच्या बुडख्याने जू मागे रेटावयाचे. आणि ओझे भारी असेल तर ते त्याच्याने होत नाही. तेव्हा गाडीवान बैल सोडतो, चार माणसांना हाक मारतो, आणि माणसे चाकांना हात घालतात. ती साट्याला धक्का देत बसत नाहीत, चाकाचे आरे आणि वरचा काठ धरून चाकच फिरवतात. यात शास्त्र आहे. चाकाचा माथा आसाच्या दुप्पट अंतर चालतो. म्हणून माथ्यावर लावलेला जोर आसावर लावलेल्या जोराच्या दुप्पट कामास येतो. कोणत्याही पाठशाळेत न शिकलेल्या माणसांनी हे तत्त्व खांद्याच्या अनुभवाने हस्तगत केले होते. गाडी वळविण्यातही असेच कौशल्य असे: आतला बैल जागच्या जागी धरावयाचा आणि बाहेरचा चालवावयाचा, म्हणजे एक चाक जवळजवळ स्थिर राहते आणि दुसरे त्याच्याभोवती फिरते. ही दोन तत्त्वे, चाकालाच बळ देणे आणि दोन चाकांना निरनिराळे चालविणे, पुढे यंत्राच्या प्रकरणात पुन्हा भेटावयाची आहेत.

कामाची अशी वाटणी लष्करी व्यवहारात अधिक स्पष्ट दिसते, कारण तेथे चुकीची किंमत तत्काळ मोजावी लागे. मराठ्यांच्या तोफखान्याचा कारभार पेशवाईत पानसे घराण्याकडे होता. अवजड तोफा बैलांच्या लांबच लांब जोड्या ओढीत. आणि चिखलात गाडा रुतला म्हणजे हिंदुस्थानातील सैन्यांत हत्ती मागे उभा करून त्याच्या कपाळाने गाडा रेटण्याची वहिवाट होती. पुढे इंग्रजांच्या अवजड तोफखान्यातही एकोणिसाव्या शतकात हीच वाटणी निराळ्या रूपाने टिकली. कूच करताना तोफा हत्ती ओढीत. पण हत्ती गोळीबाराला बुजतो, म्हणून रणांगण जवळ आले की हत्ती सोडून बैल जुंपीत आणि बैलांकरवी तोफा मोर्चावर नेऊन लावीत. हत्तीचे बळ बैलाहून कितीतरी मोठे. तरीही शेवटच्या टप्प्यास बैलच योग्य ठरला. निवड करताना केवळ बळाचा आकडा पाहू नये, ते बळ कोठे, किती वेळ आणि किती ताब्यात राहून लावावयाचे आहे हे पाहावे, असा धडा यातून निघतो.

वाफेचे युग आले तेव्हा हा धडा काही काळ विसरला गेला. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश यंत्रज्ञाने १८६७ साली जाड रबरी टायरांचे, रस्त्यावर चालणारे वाफेचे इंजिन निर्माण केले. आर. ई. बी. क्रॉम्प्टन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने ही इंजिने हिंदुस्थानात आणविली आणि १८७० नंतरच्या काही वर्षांत पंजाबातील ग्रँड ट्रंक रस्त्यावर त्यांच्यामागे गाड्या जोडून सरकारी वाहतूक करून दाखविली. ‘चिनाब’ आणि ‘रावी’ अशी नद्यांची नावे त्या इंजिनांना दिली होती. प्रयोग धाडसाचा होता. पण काही वर्षांतच तो आवरला गेला. अशा जोडगाड्यांत एक मूलभूत अडचण असते. ओढताना मागची गाडी मुकाट्याने मागून येते. परंतु मागे लोटताना ती उलट्या बाजूस वळू पाहते. दोन चाकांची जोडगाडी एकदा उलटी वागते. पुढच्या चाकांना फिरती बैठक असलेली चार चाकांची गाडी दोन ठिकाणी वळते. आणि एकामागे एक अशा दोन गाड्या असतील तर त्या मागे घेणे कसलेल्या चालकालाही दुरापास्त होते. इंजिन जितके मोठे तितके ते या कामी अवजड.

यानंतरचा मोठा पालट इंजिनाने घडविला नाही, तो चाकाने घडविला. लोखंडी धाव असलेल्या बैलगाड्यांनी रस्ते उखडतात, आणि उखडलेल्या रस्त्यांनी बैल थकतात, हे दुष्टचक्र सर्वांच्या डोळ्यांपुढे होते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्तेविषयक समितीने रस्त्यांचा प्रश्न अखिल हिंदुस्थानच्या दृष्टीने मांडला, आणि तिच्या शिफारशीतून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली सायकलसाठी सिद्ध केलेला हवेचा टायर पुढे बैलगाडीलाही बसला, आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी त्या गाडीचे नावच ‘डनलॉप’ ठेवून टाकले. पक्क्या रस्त्यावर ही गाडी पूर्वीपेक्षा पुष्कळच अधिक ओझे घेऊन चालू लागली. मात्र जी गाडी सहज चालते ती सहज थांबत नाही. उतारावर लोखंडी धावेच्या गाडीचे घर्षणच तिचा लगाम होता. डनलॉपला तो उरला नाही, आणि ओझे बैलांच्या अंगावर येऊ लागले. गाडी लावण्याच्या कामात थोपविणारे साधन ओढणाऱ्या साधनाइतकेच महत्त्वाचे झाले, ते या वेळेपासून.

या सर्व साधनांची एकत्र परीक्षा झाली ती साखर कारखान्यांच्या आवारात. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. तोच सहकाराचा मार्ग पुढे तापीच्या खोऱ्यातही पोचला. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगर येथे सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना उभारण्यात पी. के. अण्णा पाटील यांचा पुढाकार होता. ऊस तोडल्यानंतर जितका वेळ पडून राहील तितका त्याचा उतारा घटतो. म्हणून काट्यावर वजन होऊन मोळी गव्हाणीत पडेपर्यंतचा प्रत्येक तास पैशाचा असतो. अशा आवारात बैलगाडी, ट्रॅक्टर आणि मालमोटार शेजारी शेजारी येतात. १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतरच्या काळात देशी बनावटीचे ट्रॅक्टर खेडोपाडी पसरले. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अनेक बैलगाड्यांचा ऊस एका खेपेत आणतो. पण त्याला फिरावयास मोठे मैदान लागते, आणि मागे घ्यावयाची वेळ आली तर बहुधा मागची ट्रॉली सोडावी लागते. बैलगाडी थोडे आणते, परंतु अरुंद जागेत शिरते. म्हणून दोघांचे तळ वेगळे आणि रांगा वेगळ्या ठेवण्याची पद्धत कारखान्यांत रूढ झाली.

परंतु या सोयीचा भार कोणाच्या मानेवर पडतो, हाही प्रश्न विचारावाच लागतो. दोन चाकांची गाडी उभी असतानाही तिच्या ओझ्याचा काही भाग जुवावर राहतो. जो गाडीवान थांबताच धुरीखाली टेकण देतो, तो बैलाला खरी विश्रांती देतो. जो देत नाही, त्याचा बैल रांगेतही राबतच असतो. १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला आणि १९६५ साली ओढणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम करण्यात आले. दिवसातून नऊ तासांहून अधिक आणि सलग पाच तासांहून अधिक जनावर जुंपू नये, तसेच पारा ३७ अंशांवर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात त्याला कामास लावू नये, असे ते नियम सांगतात. खानदेशचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना या शेवटच्या कलमाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

आता चाकांवरच्या घराकडे वळू. इंग्लंडात १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या आरमारी डॉक्टराने ब्रिस्टल येथील कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची घरगाडी बांधून घेतली आणि दोन घोडे जुंपून तिच्यातून स्कॉटलंडपर्यंत सफर केली. १९१९ च्या सुमारास मोटारीमागे जोडण्याच्या कॅरव्हॅन तयार होऊ लागल्या. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि अशा गाड्यांच्या मुक्कामासाठी तळ उभारण्यास चालना दिली. एक आसाची, दोन आसांची, घडीची, तंबूची, असे जोडगाड्यांचे अनेक प्रकार आज ओळखले जातात. अशी गाडी घेऊन कोणी कुटुंब सातपुड्यातील तोरणमाळास निघाले, तर शहाद्याचा रस्ता त्याला सोयीचा. मैदान संपून घाट लागतो. वर यशवंत तलावाच्या परिसरात जागा रम्य, पण सर्वत्र सपाट नाही. मोटारीने गाडी वर आणली खरी. आता ती झाडाखाली, उताराच्या जागी, तिरकी करून कशी लावावयाची? मोटार सोडली की दीड हजार किलोंचे घर आणि त्यापुढे दोन माणसे, एवढेच उरते. गाडीवानाची जुनी अडचण येथे नव्या वेषात उभी राहते.

तिचा परिहार म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत युरोपात जे हलविणारे यंत्र प्रचारात आले, त्याची रचना साधी आहे. गाडीच्या सांगाड्याखाली, प्रत्येक चाकापाशी, एक लहान विद्युत मोटर आणि तिने फिरणारा खरबरीत रोलर बसवितात. वापरताना रोलर टायरवर दाबला जातो आणि टायरला फिरवितो. काम संपले की तो बाजूस घेतात. शक्ती गाडीतील १२ व्होल्टच्या बॅटरीची, आणि आज्ञा हातातील छोट्या यंत्राची. चालक गाडीबाहेर उभा राहून कोपरान् कोपरा पाहू शकतो. एक रोलर पुढे आणि दुसरा मागे फिरविला की गाडी जागच्या जागी वळते. चाकाला हात घालणारी माणसे आणि आतला बैल रोखून धरणारा गाडीवान, या दोहोंचे तत्त्व एका पेटीत सामावले आहे. गती मात्र मिनिटास दहा-बारा मीटर, म्हणजे रांगत्या मुलाहूनही मंद. आणि या कामात मंदपणा हाच गुण होय.

निवडीचा विचार करताना पहिला प्रश्न वजनाचा. कोऱ्या गाडीचे वजन धरून भागत नाही. भांडी, पाणी, अंथरुणे यांसह भरलेल्या गाडीचे वजन धरावे, आणि यंत्राचे स्वतःचे तीस-पस्तीस किलोही त्यात मिळवावेत. दुसरा प्रश्न भूमीचा. वरचा हिशेब येथे लावून पाहावा: दीड हजार किलोंच्या गाडीला फरशीवर तीस किलोंचा जोर पुरतो, मऊ जमिनीवर दीडशे लागतात, आणि मऊ जमिनीला दहात एक असा चढ असेल तर तीनशे. म्हणजे स्थळ बदलताच गरज दहापट होते. घराच्या सपाट अंगणापुरतीच गाडी हलवावयाची असेल, तर कदाचित यंत्राची गरजच नाही. पुढच्या लहान चाकाला बसणारी साधी हातयारी आणि दोन माणसे पुरतील. दारात चढ असेल, वा मुक्काम गवतावर असेल, तर मात्र यंत्र घ्यावे, आणि त्याचा जो भार लिहिलेला असतो तो सपाटीचा की चढाचा, हे विचारून घ्यावे. एकच यंत्र चढावर सपाटीपेक्षा पुष्कळ कमी वजन पेलते.

तिसरा प्रश्न आसांचा. एक आसाच्या गाडीला दोन मोटर पुरतात. दोन आसांच्या गाडीला वळताना टायर जमिनीवर घासतात, म्हणून भारी गाडीला चार मोटरांची योजना अधिक विश्वासाची. चौथा प्रश्न बॅटरीचा. सपाटीवर वीस-तीस अँपिअर वीज घेणारे यंत्र चढावर त्याच्या कित्येक पट घेते. दहा मिनिटांचे काम असल्याने शंभर अँपिअर-तासांची चांगली बॅटरी सहज पुरते. परंतु महिनोन्महिने पडून निर्जीव झालेली बॅटरी ऐन घाटमाथ्यावर दगा देते. पाचवा प्रश्न टायरचा. हवा कमी असेल किंवा टायर चिखलाने माखला असेल, तर रोलर त्यावर घसरतो आणि मोटरचे सर्व बळ वाया जाते.

शेवटचा प्रश्न सुरक्षिततेचा, आणि तो पहिल्या पाचांपेक्षा मोठा आहे. हे यंत्र लावणारे बळ आहे, राखणारे नव्हे. गाडी जागेवर आली की प्रथम हातब्रेक ओढावा, चाकांमागे ठोकळे द्यावेत, आणि नंतरच रोलर बाजूस घ्यावेत. हा क्रम उलटला तर उतारावरच्या दीड हजार किलोंना अडविणारे काहीच उरत नाही. गाडीच्या मागे आणि उताराच्या बाजूला मूल वा म्हातारे माणूस उभे नाही, हे पाहिल्यावाचून कळ दाबू नये. शहाद्याच्या वाटेवरचा गाडीवान बैल सोडण्याआधी चाकामागे धोंडा ठेवीत असे आणि धुरीला टेकण देत असे. त्याच्या गाडीला ना मोटर होती ना बॅटरी. पण आधी गाडी थोपवावी आणि मग बळ सोडावे, हा त्याचा नेम आजही जसाच्या तसा लागू आहे. यंत्राने माणसाच्या खांद्यावरचे आणि बैलाच्या मानेवरचे ओझे उतरविले, हा त्याचा मोठाच उपकार. सावधपणाचे ओझे मात्र ते वाहणाऱ्याकडेच ठेवून जाते.